विचारलं असतं तर बिघडलं असतं का?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर, आम्ही खानापूर तालुक्यातले. माझी नणंद ३६ वर्षांची, दोन मुलं आहेत. पोटात दुखायचं म्हणून सोनोग्राफी केली तर डाव्या अंडाशयावर गाठ निघाली. बेळगावातल्या एका दवाखान्यात दुर्बिणीतनं गाठ काढायची ठरली. ऑपरेशन चालू असताना नर्स बाहेर आल्या, पिशवी पण खराब दिसतेय, सगळंच काढावं लागतंय, लवकर सही करा म्हणाल्या. आमच्या मालकांनी केली. फॉर्म कन्नडमधला, आम्हाला बोलायला येतं पण वाचायला येत नाही. पिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढली. बायोप्सीत वाईट काही निघालं नाही. आता विचारलं तर डॉक्टर म्हणतात, पुढं कॅन्सर झाला असता तर, तुमच्या भल्यासाठीच केलं की. नणंदेला रात्री घाम फुटतो, अंगाची लाही होते, झोप नाही, उगीच रडायला येतं. सासूबाई म्हणतात दोन मुलं झालीत, आता पिशवी घेऊन काय करायचीय. आम्हीच उगीच वाढवतोय का?
— एक भावजय

उत्तर : ताई, उगीच नाही वाढवत आहात. पण भांडण नंतर, आधी नणंदेचं बघा. घाम, लाही, झोप न येणं हे मनाचे खेळ नाहीत, दोन्ही अंडाशयं एकदम काढली की पाळी जायच्या वेळचे सगळे त्रास एका रात्रीत येतात आणि जास्त जोरात येतात. ३६ व्या वर्षी हे झालं तर पुढं हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयाचा धोकाही वाढतो. म्हणून अशा बायकांना, काही अडचण नसेल तर, पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोनच्या गोळ्या देतात. हे तिला डिस्चार्जच्या वेळी कुणी सांगितलं का? तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही. बेळगावात नको वाटलं तर मिरज नाहीतर कोल्हापूरला जा पण दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना या आठवड्यातच दाखवा.

आता डॉक्टरांचं. ऑपरेशन करायलाच नको होतं असं मी इथं बसून म्हणणार नाही, आत काय दिसलं ते मला माहीत नाही. कधी कधी रक्त थांबतच नाही, जीव जायची वेळ येते, तेव्हा डॉक्टरने सहीसाठी थांबू नये, कायदाही थांबा म्हणत नाही. पण तुमचे डॉक्टर जीव वाचवायला केलं असं म्हणतच नाहीत. पुढं झालं असतं तर, असं म्हणतात. मग प्रश्न असा की नणंद दोन तासात शुद्धीवर येणारच होती, तेव्हा तिलाच विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

अगदी असाच खटला सुप्रीम कोर्टात झालाय, समीरा कोहली यांचा, निकाल जानेवारी २००८ चा. बाई ४४ वर्षांच्या, तपासणीसाठी दुर्बीण घालायला संमती दिलेली, भुलेत असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशय, अंडाशयं, नळ्या सगळं काढलं. कोर्टानं डॉक्टरांचा हेतू वाईट होता असं म्हटलं नाही. हेतू पेशंटच्या भल्याचाच होता हे धरूनच सांगितलं की सज्ञान पेशंट थोड्या वेळानं शुद्धीवर येणार असेल आणि जिवाला धोका नसेल तर दुसऱ्या कुणाची सही चालत नाही, आईची पण नाही. एका गोष्टीसाठी दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही. डॉक्टरांना ऑपरेशनची फी सोडायला लावली आणि वर २५ हजार नुकसानभरपाई. रक्कम किरकोळ आहे, मला स्वतःला ती फारच कमी वाटते, पण आईची चालत नाही तर भावाची कशी चालेल ते बघा.

आमच्या धंद्यात अपाय करू नका हे पहिल्या वर्षापासून ऐकवतात. हिपोक्रॅटिस या जुन्या ग्रीक वैद्याच्या नावावर जे ग्रंथ आहेत त्यात आहे, मदत करा, निदान अपाय तरी करू नका. पण अपाय म्हणजे आम्हाला आत राहिलेला कापूस आठवतो. चांगलं शिवलेलं, पू न झालेलं, दहाव्या दिवशी टाके काढलेलं ऑपरेशन पण अपाय असू शकतं हे लवकर डोक्यात शिरत नाही.

भाषेचं म्हणाल तर रोगी हक्कांच्या सनदेत समजेल अशा भाषेत माहिती द्या असं आहे, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं ती केलीय. फॉर्म कन्नड होता म्हणून राग येणं मी समजू शकतो, आपल्या भागात तर लगेच येतो. पण माझीच गोष्ट सांगतो. गोकाककडची एक आजी, हर्नियाचं ऑपरेशन. मी मराठीत घडाघडा सगळं सांगितलं, आजी मान हलवत होत्या, मला वाटलं समजलं. फॉर्म इंग्लिशमधला. पुढं केला तर अंगठ्याला शाई लावून घेऊन म्हणतात, सही यल्लि माडबेकरी? सही कुठं करू एवढंच. शेजारच्या कॉटवरच्या पोराला बोलावून कन्नडमध्ये परत सांगितलं तेव्हा कळलं की आजींना पोटातला खडा काढणार असं वाटत होतं! त्या दिवसापासून मी पेशंटला सांगतो, आता तुम्ही मला सांगा उद्या काय करणार आहोत. दोन मिनिटं जास्त जातात.

सासूबाईंना पण सांगा, पिशवी कशाला पाहिजे हे वाक्य फार महागात पडलंय. बीडकडच्या ऊसतोडीच्या बायका, तेच लोक आपल्या अथणी-चिकोडीकडं पण टोळीनं येतात, त्यांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये केवढ्या गाजल्या. गरज नसताना पिशवी काढण्यावर सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना मार्गदर्शक नियम लागू करायला सांगितलंय.

तक्रार करायची की नाही ते नणंदेनं ठरवायचं, तुम्ही नाही आणि तिच्या दादांनी तर अजिबात नाही, एकदा तिच्या वतीनं ठरवून झालंय. कागद मात्र आजच मागा. लेखी अर्ज द्या, केसपेपर, ऑपरेशन नोट, संमतीचा फॉर्म, बायोप्सी रिपोर्ट सगळ्याची कॉपी. ७२ तासांत द्यायला लागते असा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, डॉक्टरांच्या वागणुकीची तक्रार कर्नाटक मेडिकल कौन्सिलकडं करता येते. पण कागद वाचायच्या आधी डॉक्टरांना एकदा भेटून शांतपणे विचारा, बरेच जण समोर बसून सांगतात, काही जण चुकलं असं पण म्हणतात.

प्रश्न : वडील ७० वर्षांचे, शुगर आणि हार्टच्या गोळ्या चालू. दर पंधरा दिवसांनी गावातल्या डॉक्टरांकडनं ताकदीची बाटली लावून घेतात, कधी बरोबर एक सुई. नाही लावली तर डॉक्टरच बदलतात. काय करू?
— निपाणीजवळून एक मुलगा

उत्तर : बाटलीत काय असतं ते त्यांना दाखवा, लेबल वाचायला लावा. साध्या सलाईनच्या ५०० मिलिच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ, चमचाभर पण नाही. ग्लुकोजवाली असेल तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे शुगरच्या माणसाच्या शिरेत पाच चमचे साखर. वर हार्ट कमजोर असेल तर तेवढं पाणी छातीत साठून दम लागू शकतो. आणि त्या सुईचं नाव चिठ्ठीवर लिहून मागा. स्टेरॉइड असेल तर दोन दिवस हुशारी वाटते आणि शुगर चढते. मात्र स्टेरॉइड बरेच महिने चालू असेल तर आपल्या मनानं एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं, फिजिशियनला दाखवून हळूहळू कमी करा. गावातल्या डॉक्टरांना मी एकट्याला दोष देत नाही, बाटली नको म्हणणाऱ्या डॉक्टरच्या दवाखान्यात बाकडी रिकामी असतात, मी बघितलीत. बाबा दर पंधरा दिवसांनी जातात त्यात बाटली किती आणि तासभर कुणीतरी विचारपूस करतं ते किती, हे पण एकदा त्यांच्याबरोबर जाऊन, शेजारी बसून बघा.