जाग आली, पण भान?

"बाबांच्या डोक्यावर परिणाम झालाय का, एवढंच सांगा मॅडम," असं म्हणत तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. डिस्चार्जच्या सूचनांचा. खाली वडिलांची सही होती. पहिली अक्षरं नेटकी, पुढची ओळ सोडून खाली घसरलेली. "ही सही मी केलीच नाही, असं म्हणतात ते."

झालं होतं असं. कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून होणाऱ्या तपासणीसाठी, काकांना शिरेतून मिडाझोलाम हे गुंगीचं औषध दिलं होतं. तपासणी संपली तरी ते उठेनात, श्वासही उथळ झाला. ऑक्सिजन लावला आणि फ्लुमाझेनिल हे गुंगी उतरवणारं इंजेक्शन दिलं. दोन-तीन मिनिटांत डोळे उघडले, लेकीला हाक मारली, डॉक्टरांच्या सूचनांवर मान डोलावली. अर्ध्या तासात घरी सोडलं. संध्याकाळी पुन्हा गुंगी, आणि "माझी तपासणी कधी आहे?" हे तीनदा विचारून झालं. ती रात्र तिने त्यांची छाती वरखाली होतेय ना, हे बघत काढली.

भूलतज्ज्ञांकडून मी जे समजून घेतलंय ते तिला सांगितलं. हे इंजेक्शन गुंगीच्या औषधाला मेंदूतल्या त्याच्या जागेवरून बाजूला सारतं, शरीराबाहेर काढत नाही. फ्लुमाझेनिलचं रक्तातलं प्रमाण साधारण तासाभरात निम्म्यावर येतं. मिडाझोलामला दुप्पट-तिप्पट वेळ लागू शकतो. म्हणजे उतारा आधी संपतो आणि गुंगीचं औषध मागे उरतं. शिवाय माणूस बोलायला लागला तरी त्याची आठवण त्याच वेळी जागी होतेच असं नाही. काकांनी ऐकलं, सही केली, पण मनात काही टिकलं नाही. म्हणूनच सूचना लेखी आणि सोबतच्या माणसाला द्यायच्या असतात, आणि 24 तास गाडी चालवू द्यायची नसते.

श्वासाच्या बाबतीत तर या इंजेक्शनवर विसंबूच नये. जाग येते, पण श्वास तितक्याच खात्रीने सुधारेल असं नाही. सोबत फेंटानिलसारखं तीव्र वेदनाशामक औषध दिलं असेल तर त्यावर फ्लुमाझेनिलचा काही उपयोग नसतो. त्याला नालोक्झोन हा वेगळा उतारा लागतो, आणि तोही लवकर ओसरतो. अशा रुग्णावर हॉस्पिटलातच नीट लक्ष ठेवायला हवं. ते काम या मुलीने घरी एकटीने केलं, याचा मला अजून राग येतो.

दहा दिवसांनी काका स्वतः आले. आठवडाभरात कोण भेटायला आलं, कुठली गोळी कधी घेतली, सगळं बिनचूक सांगितलं. त्या दुपारचे काही तास तेवढे कोरे. ते बहुधा कोरेच राहतील, पण त्यावरून मेंदूला इजा झाली असं होत नाही. नव्या गोष्टी विसरणं चालूच असतं, तर मी त्यांना थेट डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

निघता निघता ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात आईची एन्डोस्कोपी आहे. ती बरीच वर्षं रोज झोपेची गोळी घेते."

मी तिला पुन्हा बसवलं. मिडाझोलामच्याच गटातल्या अल्प्राझोलामसारख्या गोळीची शरीराला सवय झालेली असेल, तर फ्लुमाझेनिलमुळे झटके येऊ शकतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी कळायलाच हवं, आणि घाबरून गोळी एकदम बंदही करायची नाही. तिने तिथूनच आईला फोन लावला आणि बाबांची सही असलेल्या कागदाच्या मागे गोळीचं नाव आणि डोस लिहून घेतला.