पृथ्वी एक दिवस जळूनच जाणार असेल, तर ख्रिस्ती माणसानं जमिनीची काळजी कशासाठी घ्यावी?

तुम्ही बायबलमधल्या पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा (२ पेत्र ३:१०, 'पृथ्वी आणि तिच्यावरची कामं जळून जातील') दाखला देऊन विचारलंय की, सगळं जळणारच असेल तर मातीसाठी एवढं खपायचं कशाला? मी शेती करतो आणि प्रभूवर माझा विश्वास आहे. या प्रश्नानं मलाही बरीच वर्षं छळलंय.

आधी त्या वचनाविषयी. आपण 'जळून जातील' असं वाचतो, पण सिनाई आणि व्हॅटिकन या बायबलच्या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत तिथं 'सापडतील', म्हणजे उघडकीला येतील, असा शब्द आहे. शिवाय थोडं आधी पेत्र जलप्रलयाची आठवण करून देतो. तेव्हाचं जग पाण्यानं नाश पावलं खरं, पण त्यातून वाचलेला नोहा तारवातून, म्हणजे आपल्या जहाजातून, उतरला तो याच जमिनीवर, आणि उतरून त्यानं द्राक्षमळा लावला. म्हणून हा अग्नी मला सोनाराच्या मुशीतला वाटतो. प्रभू येशूचं जे शरीर बागेतल्या कबरेत ठेवलं, तेच उठलं, खिळ्यांच्या खुणांसकट. देव जुनं टाकून देत नाही, त्यालाच नवं करतो.

मला खरा धीर दिला तो यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या ३२व्या अध्यायानं. यरुशलेमेला बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, सैन्याचा वेढा पडलाय, यिर्मया स्वतः अटकेत आहे, आणि शहर पडणार हे त्यानंच सांगितलंय. अशा वेळी तो चुलतभावाकडून अनाथोथचं शेत विकत घेतो. १७ शेकेल (त्या काळचं वजन) चांदी तोलून देतो, साक्षीदार, शिक्का, सगळं रीतसर करतो आणि खरेदीखत पुष्कळ दिवस टिकावं म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो. जे शेत आता शत्रूच्या ताब्यात जाणार, त्याचं खरेदीखत!

माझ्या शेतातला एक तुकडा आम्हीच मारला. वर्षानुवर्षं धसकटं जाळली, रासायनिक खतं ओतली. पाऊस पडला की पाणी वरच साचायचं आणि वाळल्यावर ढेकूळ विटेसारखं व्हायचं. बायबलच्या लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायात जमिनीला सातव्या वर्षी विसावा द्यायला सांगितलंय. ते वाचून मी तो तुकडा पड ठेवला. हिरवळीचं खत गाडलं, शेणखत घातलं, पालापाचोळ्याचं आच्छादन केलं. तिसऱ्या वर्षी खुरप्यानं उकरलं, तर ढेकूळ हातातच फुटलं. आत पांढऱ्या मुळ्यांचे धागे होते, गांडुळाची बिळं होती, आणि ओल्या मातीचा वास आला. मी तिथंच बसून प्रार्थना केली.

प्रेषित पौल म्हणतो, सृष्टी कण्हत आहे, प्रसूतीच्या वेणा सोसत आहे (रोमकरांस ८:२२). मरणाऱ्याचं कण्हणं वेगळं आणि बाळंतिणीचं वेगळं. दोघींजवळ बसावं लागतं, पण बाळंतिणीजवळ आपण गरम पाणी आणि धडुतं तयार ठेवून बसतो.

त्या तुकड्यातून अजून घातलेला खर्चही निघालेला नाही. यंदाही तिथं काही पेरणार नाही. आच्छादन तेवढं नवं घालायचंय.