वाचकांचे प्रश्न : विहिरीतील नायट्रेट आणि नदीवरचा फेस

प्रश्न : आमची विहीर द्राक्षबागेच्या कडेला आहे. पाणी नितळ आणि चवीला गोड आहे. परंतु शिवारातील दुसऱ्या एका विहिरीच्या तपासणीत नायट्रेट जास्त निघाले. मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. आम्ही तिला पाणी तुरटी फिरवून आणि उकळून देतो. एवढे पुरेसे आहे का?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : पुरेसे नाही आणि या बाबतीत उकळण्याने उलट नुकसान होते. उकळल्याने जंतू मरतात, तुरटीने गढूळपणा तळाशी बसतो. नायट्रेट म्हणजे नत्राचा (नायट्रोजनचा) एक क्षार; तो मात्र पाण्यात पूर्ण विरघळलेला असल्यामुळे या दोन्ही उपायांना दाद देत नाही. पाण्याची वाफ होऊन जाते आणि क्षार भांड्यातच राहतात. लिटरमागे 40 मिलिग्रॅम नायट्रेट असलेले पाणी आटून पाऊण लिटर झाले, तर तेच प्रमाण 53 मिलिग्रॅमच्या घरात जाते आणि पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातील 45 मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडते. रंग, वास किंवा चव यांवरून यातले काहीच कळत नाही, त्यामुळे गोड चवीवर विसंबू नये.

सर्वांत मोठा धोका सहा महिन्यांच्या आतील, वरच्या दुधावर असलेल्या बाळांना असतो. त्यांच्या जठरात आम्ल कमी असल्याने तेथील जीवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात, नायट्राइटमुळे रक्तातील हिमोग्लोबिनचे अशा रूपात परिवर्तन होते की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही, आणि हे परिवर्तन उलटवणारे विकर (एन्झाइम) एवढ्या लहान वयात पुरेसे तयार झालेले नसते. बाळाचे ओठ आणि नखे निळसर दिसू लागली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. आईच्या दुधातून नायट्रेट फारसे उतरत नाही, म्हणून नायट्रेटच्या भीतीने अंगावरचे दूध बंद करू नये. गरोदरपणातही हे पाणी टाळलेले बरे; विहिरीचा अहवाल हाती येईपर्यंत पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी तपासलेल्या स्रोताचे पाणी आणावे.

नायट्रेट येते कोठून? पिकाने न उचललेला युरिया, उघडे उकिरडे, गोठ्यांतील सांडपाणी आणि शौचालयांचे शोषखड्डे ही त्याची मुख्य उगमस्थाने आहेत. मातीचे कण आणि नायट्रेट या दोहोंवर ऋण विद्युतभार असल्याने माती त्याला धरून ठेवत नाही; पावसाच्या किंवा ओलिताच्या पाण्याबरोबर ते खाली जाते आणि आपल्याकडील काळ्या पाषाणाच्या भेगांतून विहिरीपर्यंत पोहोचते. म्हणून तपासणी पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, अशी दोनदा करावी. ग्रामपंचायतीमार्फत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरावी आणि सावलीत, गारव्यात ठेवून लवकर पोहोचवावी. अहवाल वाचताना आकडा नायट्रेटचा आहे की त्यातील केवळ नत्राचा, हे अवश्य पाहावे. 45 मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे सुमारे 10 मिलिग्रॅम नत्र, आणि अहवालातील 10 पाहून निर्धास्त झालेली मंडळी कमी नाहीत.

बागाईतदारांसाठी एक हिशेब येथेच सांगतो. असे 45 मिलिग्रॅमचे दहा लाख लिटर पाणी बागेला दिले, तर त्यासोबत जवळपास 10 किलो नत्र जाते, म्हणजे 45 किलोच्या युरियाच्या गोणीची जवळजवळ निम्मी गोणी. खताच्या मात्रेतून एवढे वजा केले तर पैसेही वाचतील आणि विहीरही. फवारणीची टाकी भरताना नळीचे टोक औषधाच्या मिश्रणात बुडवून ठेवू नये, कारण मोटार बंद पडताच ते मिश्रण उलट विहिरीत ओढले जाऊ शकते.

प्रश्न : नासर्डी नदीवर कधी फेस दिसतो, तर गोदावरीच्या पात्रात पाणवेलींचा हिरवा गालिचा. दोष कारखान्यांचा की आपल्या सर्वांचा?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : दोन्हींची रसायने वेगळी, म्हणून उपायही वेगळे. फेस बहुधा साबण आणि धुलाईच्या पावडरीतील द्रव्यांमुळे येतो, आणि पाणवेल नत्र व स्फुरद (फॉस्फरस) यांवर पोसली जाते. ही दोन्ही मुख्यतः घरगुती सांडपाण्यातून येतात. पाणवेल पाण्यावर झाकण घालते, खाली प्रकाश पोहोचत नाही, आणि कुजताना ती विरघळलेला प्राणवायू संपवते. पहाटे मासे तडफडतात ते यामुळे. कारखान्यांचा भाग निराळा आहे. क्रोम मुलामा देणाऱ्या कामातील सांडपाण्यात सहासंयुजी क्रोमियम असते, जे विषारी आणि कर्करोगकारक आहे. ते आम्लयुक्त पाण्यात सोडियम मेटाबायसल्फाइटने त्रिसंयुजी, म्हणजे पुष्कळ कमी विषारी, केले आणि मग चुन्याने सामू (पीएच) वाढवला, तर धातू गाळाच्या रूपात खाली बसतो. ही प्रक्रिया जुनी आणि अवघड नसलेली आहे. ती टाळली जाते तेव्हा कारण अज्ञान नसून बहुधा रसायनांचा आणि गाळ विल्हेवाटीचा खर्च असतो, असे माझे मत आहे.

धातू कुजत नाहीत. नदीतून वाहत गेलेले धातू संथ पाण्यात गाळाबरोबर बसतात, आणि गोदावरीच्या खालच्या अंगाला असे संथ पाणी नांदूर मधमेश्वर येथे आहे, जे 2020 मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे) पाणथळ क्षेत्र म्हणून जाहीर झाले. तेथील गाळातील किडे मासे खातात, मासे पक्षी खातात. पाणवेलही धातू शोषते, त्यामुळे नदीतून काढलेल्या वेलींचे खत तपासल्याशिवाय भाजीपाल्याला घालू नये.

प्रश्न : महानगरपालिकेच्या नळाला आरओ लावावा का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : शहराला येणारे पाणी प्रामुख्याने गंगापूर धरणाचे, म्हणजे शहराच्या वरच्या अंगाचे आहे. विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या आत असेल, तर आरओची गरज सहसा नसते. कूपनलिकेच्या पाण्यात नायट्रेट जास्त आढळल्यास मात्र तो उपयोगी पडतो. फक्त त्यातून बाहेर पडणारे पाणी अधिक क्षारयुक्त असल्याने ते पुन्हा त्याच कूपनलिकेच्या शोषखड्ड्यात सोडू नये.