पोस्टडॉक की कंपनी? आधी कराराची मुदत बघा

प्रश्न: झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचं खनिज) कॅटॅलिस्टवर, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थावर, नुकतीच पीएचडी झाली. परदेशात एक वर्षाची पोस्टडॉक (पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची जागा) मिळते आहे, 'निधी असल्यास मुदतवाढ'. विषय पुन्हा झिओलाइटच. दुसरीकडे कॅटॅलिस्ट बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधन विभागात नोकरी आहे. कंपनीचा पगार १०० धरला तर पोस्टडॉकचे हातात ६० येतील. तिथला खर्च ४०, शैक्षणिक कर्जाचा हप्ता १५, घरी पाठवायचे १०. शिल्लक तीन महिन्यांच्या खर्चाएवढी. प्राध्यापक व्हायला आवडेल, पण हट्ट नाही. काय करावं?

उत्तर: तुमच्याच आकड्यांची बेरीज ६५ होते. म्हणजे दरमहा ५ शिल्लकेतून जाणार. शिवाय व्हिसा, प्रवास आणि घराचं डिपॉझिट पहिला पगार हातात पडण्याआधीच भरावं लागतं. मुदतवाढ मिळाली नाही, तर पुढची नोकरी लागेपर्यंत हप्ते भरायला जवळ काहीच उरणार नाही.

'तरुणपणी न गुंतवलेला पैसा कायमचा बुडतो' असं नातेवाईक सांगत असतील. ती भीती थोडी फुगवलेली आहे. कंपनीत तुम्ही महिन्याला २० जास्त वाचवाल असं धरलं तरी वर्षाचे २४० होतात. महागाई वजा जाता ४ टक्के परतावा मिळाला तर ३० वर्षांत त्याचे सव्वातीन पट, म्हणजे कंपनीच्या आजच्या पगाराचे जेमतेम आठ महिने. चांगल्या पोस्टडॉकसाठी एवढी किंमत मी मोजू देईन.

पण ही पोस्टडॉक चांगली आहे का? रिअ‍ॅक्टरची जोडणी, गळती तपासणी आणि गॅस क्रोमॅटोग्राफचं (वायूंचं मिश्रण वेगळं करून मोजणाऱ्या यंत्राचं) कॅलिब्रेशन यातच पहिले काही महिने जातात. कॅटॅलिस्ट किती टिकतो हे दाखवायला शेकडो तासांच्या चाचण्या लागतात. सिंक्रोट्रॉनवर (अतितीव्र एक्स-किरण देणाऱ्या मोठ्या सामायिक यंत्रावर) वेळ हवा असेल तर प्रस्ताव पाठवून वाट बघायची. पेपर छापून येण्याआधीच करार संपतो, आणि पुढचे अर्ज तर त्याच्याही आधी करावे लागतात. त्यात विषयही तोच. ऑपरॅन्डो स्पेक्ट्रोस्कोपी (कॅटॅलिस्ट काम करत असतानाच किरणांनी त्याची तपासणी) किंवा इलेक्ट्रोकॅटॅलिसिससारखं (विजेच्या मदतीने क्रिया घडवणं) नवं काही शिकायला मिळणार असतं, तर माझं मत वेगळं झालं असतं.

आणखी एक बघा: मिळणारे पैसे पगार आहेत की स्टायपेंड? नोकरीच्या करारात बहुधा पेन्शन, आरोग्य विमा आणि बेकारी भत्त्याची वर्गणी जाते. स्टायपेंडमध्ये ती बऱ्याचदा नसते. तेव्हा ६० चे प्रत्यक्षात ५० सुद्धा होऊ शकतात.

कंपनीत गेल्यावर प्राध्यापकीची वाट अरुंद होते, हे लपवत नाही. गोपनीयतेमुळे पेपर कमी निघतात आणि निवड समित्या पेपरच बघतात. मात्र दार लगेच बंद होत नाही. उदाहरणार्थ, युरोपच्या मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला पीएचडीनंतर ८ वर्षांपर्यंतचा संशोधनाचा अनुभव चालतो. आणि पेलेट म्हणजे कॅटॅलिस्टच्या गोळ्या घडवणं, कोक म्हणजे कार्बनचा थर साचून मंदावलेला कॅटॅलिस्ट पुन्हा कामाला लावणं, हे कंपनीत जितकं शिकाल तितकं विद्यापीठात क्वचितच.

आहे त्या अटींवर मी कंपनी निवडेन. तरी होकार कळवण्याआधी त्या प्राध्यापकांना लिहून विचारा: दोन वर्षांचा निधी मंजूर आहे का, करार नोकरीचा आहे का, प्रवासखर्च कोण देणार? तिन्ही उत्तरं तुमच्या बाजूने आली, तर कर्जाच्या बँकेकडे हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा आणि मगच तिकडचा विचार करा. तोवर कंपनीकडे रुजू होण्यासाठी महिनाभराची मुदत मागायला हरकत नाही.