चढावर नेम धरला की गोळी वरून का जाते?

प्रश्न : भाचा न्यूझीलंडमध्ये असतो, ताहरच्या (डोंगरातली रानटी बकरीसारखा प्राणी) शिकारीला गेला तर गोळी पाठीवरून गेली म्हणतो. आणि हिमालयातला प्राणी तिकडे कसा काय?

उत्तर : अहो १९०४ मध्ये शिकारीसाठीच नेऊन सोडले, खाणारं कोणी नाही म्हणून मग इतके वाढले की आता सरकारलाच मारावे लागतात! आता नेमाचं. गोळी खाली येते ती आडव्या अंतराच्या हिशोबाने, तिरक्या नाही. म्हणजे ३० अंशाच्या चढावर ३०० मीटर दिसलं तरी नेम साधारण २६० चाच धरायचा, उतारावरही तेच, बहुतेकांना इथेच उलटं वाटतं. भाच्याला अँगल दाखवणारा रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) घ्यायला सांगा. आपल्याकडे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद, फक्त कॅमेरा चालतो.