लॅपटॉप मिटला, सर्व्हिस मात्र गप्प

प्रश्न : लॅपटॉप झोपण्याआधी माझ्या नोंदी सर्व्हरशी सिंक व्हाव्यात म्हणून लिनक्सवर सिस्टिमडीची (सर्व्हिस सुरू-बंद करणारी व्यवस्था) युझर सर्व्हिस लिहिली. झोपेच्या वेळी ती आपोआप सुरू व्हावी म्हणून ‘वाँटेडबाय’पुढे ‘स्लीप डॉट टार्गेट’ दिलं. हाताने सुरू केली की चालते, पण लॅपटॉप मिटला की ढिम्म हलत नाही. असं का?

उत्तर : कारण तुमच्या बाजूला ते टार्गेटच नाही. सिस्टिमडीचे मॅनेजर दोन असतात. एक अख्ख्या यंत्राचा, पीआयडी १ म्हणजे सर्वांत आधी सुरू होणारी प्रक्रिया. दुसरा तुम्ही लॉगिन केल्यावर तुमच्या नावाने सुरू होणारा. ‘स्लीप डॉट टार्गेट’ पहिल्याकडे असतं, दुसऱ्याला त्याचा पत्ता नसतो. एनेबल करताना फक्त सिमलिंक, म्हणजे फाइलकडे बोट दाखवणारी नोंद, बनते. अलीकडच्या आवृत्त्या ‘हे युनिट (सर्व्हिस, टार्गेट वगैरे) अस्तित्वात नाही’ असा इशारा देतात, पण तो वाचतो कोण!

अनेकजण सांगतील, सिस्टिम युनिट लिहा आणि त्यात ‘युझर’पुढे तुमचं नाव टाका. चालेल, पण त्या युनिटला तुमच्या सेशनमधला एसएसएच एजंट (सर्व्हरवर शिरायची किल्ली सांभाळणारा प्रोग्रॅम) आपोआप दिसत नाही, मग सिंक किल्लीपाशीच अडतं. ‘सिस्टिम-स्लीप’ फोल्डरमधल्या स्क्रिप्ट तर रूट, म्हणजे सर्वाधिकारी युझर, म्हणून चालतात. त्या वाटेला मी जाणार नाही.

मी काय करेन? लॉगइनडी (सिस्टिमडीचा लॉगिन आणि झोप सांभाळणारा भाग) झोपेआधी डी-बसवर, म्हणजे प्रोग्रॅमनी एकमेकांना निरोप देण्याच्या वाटेवर, ‘प्रिपेअरफॉरस्लीप’ हा सिग्नल ‘ट्रू’ म्हणून पाठवतो, जाग आल्यावर ‘फॉल्स’ म्हणून. तो ऐकणारी छोटी स्क्रिप्ट युझर सर्व्हिस म्हणून सतत चालू ठेवा आणि तिच्याकडून तुमची सर्व्हिस सुरू करवा. झोप थोडी रोखायची तर स्क्रिप्टने ‘डिले’ प्रकारचा इनहिबिटर लॉक (‘जरा थांबा’ अशी लॉगइनडीकडे केलेली नोंद) आधीच घेऊन ठेवायला हवा. तरी मुदत मुळात ५ सेकंदच. ‘इनहिबिटडिलेमॅक्ससेक’ ही ती सेटिंग.

आता खरी अडचण. वायफाय सांभाळणारा नेटवर्कमॅनेजरही तोच सिग्नल ऐकतो आणि वायफाय सोडायला लागतो. म्हणजे सिंक आणि वायफाय यांची शर्यत, आणि ती तुम्ही दर वेळी जिंकाल याची खात्री नाही. म्हणून झोपेआधी फक्त डिस्कवरचं काम उरका, जसं फाइल सेव्ह करणं किंवा गिट कमिट (बदलांची नोंद लॅपटॉपवरच करणं). सर्व्हरकडे पाठवणं ‘फॉल्स’ आल्यावर करा. तेव्हाही वायफाय जोडायला वेळ लागतो, म्हणून सिंक फसलं तर १० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न व्हावा यासाठी सर्व्हिसमध्ये ‘रीस्टार्ट’पुढे ‘ऑन-फेल्युअर’ आणि ‘रीस्टार्टसेक’पुढे १० घाला. थोड्या वेळात फार वेळा सुरू होणारी सर्व्हिस सिस्टिमडी थांबवतो; तो वेळ ठरवणाऱ्या ‘स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक’चा मूळ आकडाही १०च सेकंद आहे, त्यामुळे एवढ्या अंतराने केलेले प्रयत्न त्या मर्यादेत अडकत नाहीत.