कराटेत ब्लू बेल्ट मिळाल्यापासून मुलगी स्पारिंगमध्ये, म्हणजे जोडीच्या सरावाच्या लढतीत, बुजते. बेल्टमुळे असं होतं का?

हो, होतं, वरचा बेल्ट बांधला की बऱ्याच मुलांचा खेळ काही दिवस आखडतो. मी बेळगावात, टिळकवाडीत कराटे शिकवते आणि बेल्ट परीक्षेनंतर हे हमखास बघते. कालपर्यंत बिनधास्त राउंड किक मारणारी मुलगी नवख्या व्हाईट बेल्टसमोर मागे मागे सरकते, कोपरं बरगड्यांना चिकटवून उभी राहते. आता मार खाल्ला तर बेल्टची अब्रू जाईल, ही धास्ती. आणि समोर तिच्याहून वरचा ब्राऊन बेल्ट आला की लाथ उचलली जायच्या आधीच डोळे मिटतात. आपल्याकडच्या तालमीत बेल्ट नसतो. वस्ताद वजन, दम आणि डाव बघून जोड लावतो, आणि मला तीच रीत योग्य वाटते. तुमच्या सरांनाही थोडे दिवस बेल्ट सोडून स्पारिंग घ्यायला सांगा. तसेही कराटेत हे बेल्ट ज्युदोवरूनच आले. आधुनिक कराटेचे जनक मानले जाणाऱ्या फुनाकोशींनी पहिले ब्लॅक बेल्ट दिले ते १९२४ मध्ये. मात्र ती क्लासलाच जायचं टाळत असेल, तर कारण वेगळं असू शकतं. तेव्हा सरांच्या आधी तिच्याशी बोला.